बसवाल्यांकडनं विजेचं बिल का येतं? मुंबईच्या ट्रामची गोष्ट

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहणाऱ्यांना विजेचं बिल बेस्ट पाठवते. हो, तीच बेस्ट, लाल बसवाली. मुंबईकरांना यात काही विशेष वाटत नाही पण बाहेरनं आलेला माणूस हमखास विचारतो की बस चालवणारे वीज कशी काय विकतात, कारण पुण्यात बघा, बस पीएमपीची आणि बिल महावितरणचं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सायनच्या पुढे गेलं की उपनगरातसुद्धा बिलावर वेगळी नावं येतात. मग शहरातच असं का? तर त्याचं कारण आहे ट्राम. 1964 मध्येच ती रस्त्यावरनं गेली, पण तिच्यासाठी जी व्यवस्था उभी केली होती ती अजून चालू आहे. आणि ती व्यवस्था समजली ना, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईचा रस्ता नेमका कसा चालायचा हेही बरंचसं समजतं.

सुरुवात घोड्यांपासनं करावी लागते. 1865 मध्ये एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्याची ट्राम काढायची परवानगी मिळवली होती, पण तेवढ्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतला शेअरचा फुगा फुटला आणि ते सगळं बारगळलं. मग 1873 मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी झाली आणि 9 मे 1874 ला पहिली घोड्याची ट्राम धावली, एक मार्ग कुलाबा ते पायधुनी क्रॉफर्ड मार्केटवरनं, आणि दुसरा बोरीबंदर ते पायधुनी काळबादेवीवरनं. कुलाबा ते पायधुनी भाडं तीन आणे. तिकीट वगैरे काही देत नव्हते, पैसे द्यायचे आणि बसायचं. साहजिकच फुकटे वाढले, मग त्याच वर्षी तिकिटं छापायला लागली, आणि गर्दी वाढतेय म्हटल्यावर भाडं दोन आण्यांवर आणलं.

आता मुळात घोडागाडी होतीच की, मग रूळ कशाला टाकायचे? तेव्हाचे रस्ते म्हणजे खडी, माती, पावसाळ्यात चिखल. अशा रस्त्यात लाकडी चाक रुततं, आणि घोड्याची निम्मी ताकद गाडी पुढे न्यायच्या ऐवजी चाक वर काढण्यातच जाते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक ठेवलं की घर्षण एकदम कमी होतं, त्यामुळे जे घोडे साध्या रस्त्यावर चार-पाच माणसं ओढताना दमायचे तेच अख्खा डबा भरून माणसं ओढायला लागले. ट्रामचा सगळा धंदा या एवढ्या एका गोष्टीवर उभा होता. जास्त माणसं एका फेरीत, म्हणून माणशी भाडं कमी, म्हणून अजून माणसं.

पण घोडा हा प्राणी आहे. तो दिवसातनं चार-पाच तासच काम करू शकतो, म्हणजे डबा दिवसभर चालवायचा तर एका डब्यामागे घोड्यांच्या कितीतरी जोड्या तबेल्यात लागतात. मुंबईच्या कंपनीकडे नऊशे घोडे होते म्हणतात. नऊशे घोड्यांना दाणा-वैरण, पाणी, नाल ठोकणारे, मोतद्दार, आणि ट्राम चालो न चालो खाणं रोजचं. परत साथ आली की संपलंच. 1872 मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांमध्ये फ्लूसारखी साथ पसरली होती, तेव्हा मोठमोठ्या शहरांतल्या ट्राम कित्येक दिवस बंद पडल्या होत्या, आणि मुंबईची ट्राम कंपनी त्याच्या पुढच्याच वर्षी निघाली! शिवाय लीद. नऊशे घोडे रोज किती घाण करत असतील आणि ती रस्त्यात पडून, वाळून, वाऱ्याने उडून कुठे जात असेल याचा हिशोब नकोच करायला. जुन्या फोटोंमध्ये रस्ते किती मोकळे, किती छान दिसतात ना, पण फोटोला वास नसतो.

म्हणून जगभरचे ट्रामवाले घोड्याला पर्याय शोधत होते. कुठे वाफेचं इंजिन लावून बघितलं, कुठे रस्त्याखालनं फिरणारी केबल. शेवटी जमलं ते विजेचं. 1888 मध्ये अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनियरने अख्ख्या शहरात विजेची ट्राम चालवून दाखवली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे घोडे जाऊन तारा आल्या. आपल्याकडे पहिला नंबर मद्रासचा, 7 मे 1895. त्यांनी आधी विजेची तार रस्त्याखालच्या खाचेत पुरली होती, म्हणजे वर तारांचं जाळं नको, शहर सुंदर दिसेल. आणि मग आला पावसाळा! खाचेत पाणी, विजेची बोंब, शेवटी तार वरच न्यावी लागली. कलकत्त्यात 1902 मध्ये विजेची ट्राम आली. मुंबई मागेच राहिली, एकतर 1896 पासनं प्लेग होता, शहर अर्धं रिकामं झालं होतं, आणि दुसरं म्हणजे वीज आणायची कुठनं हा प्रश्न होता.

हा प्रश्न आज आपल्याला कळतच नाही कारण आपण प्लग लावतो आणि वीज येते. तेव्हा ग्रिड, म्हणजे गावोगावची वीजघरं जोडणारं तारांचं जाळं, हा प्रकारच नव्हता. ट्राम चालवायची तर वीज करायचा कारखाना पण तुमचाच. म्हणून 1905 मध्ये जी कंपनी झाली तिच्या नावातच दोन धंदे होते, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. आधी वीजपुरवठा, मग ट्राम. हीच बेस्ट. तिने जुनी घोड्याची कंपनी घेतली आणि वाडीबंदरला वीजघर उभं केलं. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर यंत्र फिरवायचं.

आता खरी गंमत इथे आहे. नुसती वीज विकायची कंपनी का नाही काढली? किंवा नुसती ट्राम? कारण दोन्ही धंदे एकेकटे तोट्यात जायची भीती होती. मुंबईत 1882 मध्येच क्रॉफर्ड मार्केटला विजेचे दिवे लावून बघितले होते आणि ते काम करणारी कंपनी वर्षभरात बुडाली. का बुडते अशी कंपनी? असं समजा तुम्ही खानावळ काढलीय, आचारी पगारी, भट्टी सकाळपासनं पेटवून ठेवलेली, आणि गिऱ्हाईक फक्त रात्री आठ ते दहा. बाकी दिवसभर खर्च चालू, गल्ला रिकामा. दिव्यांसाठीचं वीजघर हे नेमकं असंच असतं. दिवे संध्याकाळी लागतात, दहा-अकराला विझतात. पण बॉयलर काही तासापुरता गार करून परत पेटवता येत नाही, तो तापता ठेवावाच लागतो, आणि वीज साठवून ठेवणं तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं, करायची ती लगेच वापरायची.

ट्रामचं याच्या उलटं. ट्रामला वीज लागते सकाळी ऑफिसच्या वेळेला, दुपारी थोडी, परत संध्याकाळी. म्हणजे जे यंत्र दिव्यांसाठी दिवसभर बसून राहिलं असतं ते ट्रामने कामाला लावलं. एकाच कोळशावर, एकाच यंत्रावर, त्याच माणसांकडनं दोन गिऱ्हाइकं सांभाळली गेली आणि एका युनिटमागचा खर्च खाली आला. वीज स्वस्त म्हणून दुकानदार, थिएटरवाले कनेक्शन घ्यायला लागले, त्यामुळे अजून स्वस्त. इंजिनियर लोक याला लोड फॅक्टर म्हणतात, नाव भारी आहे पण प्रकार एवढाच की मशीन रिकामं बसता कामा नये. अमेरिकेतसुद्धा कितीतरी गावांत वीज कंपनी आणि ट्राम कंपनी एकच असायची, त्याचं कारणही हेच.

तर 7 मे 1907 ला संध्याकाळी सजवलेली पहिली विजेची ट्राम म्युनिसिपालिटीच्या ऑफिसपासनं क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. अंतर म्हणजे चालत पाच-सात मिनिटं! पण बघायला ही गर्दी, कारण पुढे घोडा नाही, इंजिन नाही, धूर नाही, आणि डबा आपला आपण चाललाय. लक्षात घ्या, मुंबईची विजेची लोकल 1925 मध्ये आली, व्हीटी ते कुर्ला. म्हणजे रस्त्यावरची ट्राम तिच्यापेक्षा 18 वर्षं आधी विजेवर होती.

ही चालायची कशी? वर एक उघडी तांब्याची तार, तिच्यात साधारण पाचशे व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट. डब्याच्या टपावर स्प्रिंग लावलेला लांब दांडा, त्याच्या टोकाला खाचेचं छोटं चाक, ते तारेला खालनं दाबून धरतं. करंट दांड्यातनं खाली मोटरमध्ये येतो, मोटर चाकं फिरवते, आणि मग तो करंट चाकातनं रुळात जातो आणि रुळांतनं परत वीजघराकडे. म्हणजे एक वायर डोक्यावर आणि दुसरी वायर पायाखाली, सर्किट पूर्ण. मग रुळावर पाय दिला तर शॉक बसेल का? नाही, कारण रूळ आणि जमीन जवळजवळ सारख्याच व्होल्टेजला असतात. पण थोडा करंट रूळ सोडून जमिनीत पसरायचाच आणि तिथे पाण्याचे लोखंडी पाईप असले की त्यांच्यातनं वाट काढायचा, आणि जिथनं बाहेर पडायचा तिथे पाईप हळूहळू खाल्ला जायचा. ट्राम जिथे जिथे आली तिथल्या नगरपालिकांची ही डोकेदुखी होती.

ड्रायव्हर पुढच्या फळीवर उभा. बसायची सोय नाही. डाव्या हाताला कंट्रोलर म्हणजे पितळी हँडल असलेली एक उभी पेटी, हँडल एकेक घर पुढे सरकवायचं, प्रत्येक घराला खाडकन आवाज, मोटरला अजून थोडा करंट. एकदम सगळा दिला तर डबा हिसका मारणार आणि माणसं एकमेकांवर पडणार, म्हणून हळूहळू. उजव्या हाताला ब्रेक, आणि पायाखाली घंटा, टाचेने दाबायची. हॉर्न नाही, घंटाच. दिवसभर उभं राहून टाचेने घंटा बडवायची ही नोकरी. वळणावर किंवा सांध्यावर दांडा कधी तारेवरनं सटकायचा, ठिणग्या उडायच्या, आतले दिवे जायचे, डबा घरंगळत थांबायचा आणि कंडक्टर मागे उतरून दोरी ओढून दांडा परत तारेवर बसवायचा, वर मान करून, नेम धरून. मागे खोळंबलेले टांगेवाले काय म्हणत असतील ते सांगायला नको.

कारण रस्ता काही ट्रामचा एकटीचा नव्हता. भेंडीबाजार किंवा पायधुनीचा तेव्हाचा रस्ता डोळ्यासमोर आणा. मधोमध ट्रामचे रूळ. त्याच रस्त्यावर कापसाचे गठ्ठे भरलेले खटारे, बैल आपल्या चालीने चाललेत, व्हिक्टोरिया म्हणजे भाड्याच्या घोडागाड्या, हातगाड्या, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल, पाणी शिंपडणाऱ्या गाड्या, आणि एखादी मोटार, जी बघायला पोरं धावायची. लेन नाही, सिग्नल नाही, झेब्रा क्रॉसिंग नाही. चौकात पिवळ्या टोपीतला शिपाई हात करतो तेवढंच. आणि माणसं रस्त्याच्या मधनं चालतात! फुटपाथ असले तरी तिथे दुकानांचा माल, झोपलेली माणसं, कोणी दाढी करतोय. रस्ता ही नुसती जायची जागा नव्हतीच, ती उभं राहायची, विकायची, भांडायची जागा होती. आपण आज म्हणतो मुंबईकरांना ट्रॅफिक सेन्स नाही, पण त्या काळात न्यूयॉर्क किंवा लंडनचा रस्ता पण थोड्याफार फरकाने असाच होता, सगळे सगळीकडनं. हे चालायचं कारण वेग. बैलगाडीचा वेग चालण्याइतका, व्हिक्टोरियाचा जरा जास्त, ट्रामचा फार तर पळणाऱ्या माणसाइतका. समोर कोण आलंय ते दिसून बाजूला व्हायला वेळ मिळायचा. मोटारी वाढल्या आणि वेगातला फरक तिप्पट-चौपट झाला तेव्हा हे गणित बिघडलं, मग पायी चालणाऱ्याला कडेला ढकललं गेलं, मोटारवाल्याला नाही. माझं मत विचाराल तर उलटं व्हायला हवं होतं, पण ते असो.

ट्रामने या गोंधळात एक नवीन गोष्ट आणली, ती म्हणजे ठरलेली वाट. बैलगाडी कुठनं येईल सांगता येत नाही पण ट्राम कुठनं येणार हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे तिच्या अवतीभवती रस्ता आपोआप मांडला गेला. ट्राम थांबते तिथे पानवाला बसला, नाक्यावर इराण्याचं हॉटेल आलं. खटारेवाले मात्र बदमाश, गुळगुळीत म्हणून आपलं चाक मुद्दाम रुळाच्या खाचेत घालून चालायचे आणि मागे ट्राम घंटा बडवत सरकायची. ही तक्रार जगभरच्या ट्रामवाल्यांची आहे हां, फक्त आपली नाही.

बसायचं कोण? इथे एक गैरसमज असतो की ट्राम म्हणजे गिरणी कामगारांची गाडी. तसं नव्हतं. गिरणगावात बहुतेक कामगार गिरणीपासनं चालत पंधरा मिनिटांच्या आत राहायचे, भोंगा झाला की पायीच निघायचे, आणि रोजचा आणा-दोन आणे ट्रामवर घालवणं त्यांना जमणारही नव्हतं. ट्राम मुख्यतः कारकुनाची, गिरगावात राहायचं आणि फोर्टात नोकरी, किंवा छोट्या दुकानदाराची, कॉलेजच्या पोरांची. मलबार हिलवाल्या शेठ लोकांच्या आपल्या बग्ग्या आणि नंतर मोटारी. म्हणजे मधला वर्ग. आणि या मधल्या वर्गाला एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसावं लागलं, गुजराती, मराठी, पारशी, मुसलमान, तिकीट काढलं की शेजारी कोण बसणार ते तुमच्या हातात नाही.

दुसरा मोठा बदल लांबीचा. माणूस रोज कामाला जायला साधारण अर्धा-पाऊण तास घालवायला तयार असतो. पायी एवढ्या वेळात तो तीन-चार किलोमीटर जाणार, म्हणजे शहर तेवढंच मोठं होणार आणि त्यातच सगळे दाटीवाटीने कोंबले जाणार, आणि प्लेगमध्ये त्या दाटीचं काय झालं ते मुंबईने बघितलंच होतं. प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेत वस्तीचे प्लॅन आखले. पण तिथनं फोर्टात जायचं कसं? एक लोकल आणि दुसरी ट्राम. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कल हे सगळं वसलं त्याला ट्रामचा मोठा हात आहे. दादर पूर्वेला टीटी म्हणतात ते ट्राम टर्मिनसच. रात्रीचं शहर पण लांबलं, रस्त्यात दिवे, घरी जायला ट्राम, म्हणून माणूस शो बघायला थांबणार. 1913 मध्ये फाळक्यांचा हरिश्चंद्र लागला तो सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशनमध्ये, म्हणजे रस्ता नवा, सिनेमा नवा आणि जवळच ट्रामही.

गर्दी एवढी वाढली की सप्टेंबर 1920 मध्ये दुमजली ट्राम आणल्या. वीज पण कमी पडायला लागली होती, 1912 मध्ये माझगावला कुसारा इथे दुसरं वीजघर झालं, आणि 1915 पासनं टाटांची खोपोलीची पाण्यावरची वीज मुंबईत आली, पुढे बेस्टने स्वतः कोळसा जाळणं सोडून टाटांकडनं घाऊक वीज घेऊन वाटायला सुरुवात केली. आजही बेस्ट वीज वाटते, स्वतः करत नाही.

ठरलेल्या वाटेचा एक तोटा पण होता. ट्राम रूळ सोडून जाऊ शकत नाही, म्हणजे शहर बंद पाडायचं असेल तर पहिली ट्राम अडवायची. नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला त्या दिवशी दंगल झाली, तेव्हा जमावाने ट्राम फोडल्या. कलकत्त्यात तर 1953 मध्ये ट्रामभाडं एक पैशाने वाढवलं म्हणून आंदोलन पेटलं, ट्राम जाळल्या, कारण तिथली ट्राम कंपनी तेव्हाही ब्रिटिश मालकीची होती. एक पैसा!

आणि ज्या कारणाने ट्राम चांगली होती त्याच कारणाने ती गेली. 15 जुलै 1926 ला बेस्टने स्वतःच अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट मोटर बस सुरू केली. बसला रूळ नको, तार नको, रस्त्यात खटारा उभा असेल तर वळसा घालून पुढे. एक बस बंद पडली तर तेवढीच एक, पण एक ट्राम बंद पडली की मागच्या सगळ्या तिच्या शेपटीला. ट्रामचे रूळ, तारा, खांब, सगळं कंपनीने सांभाळायचं, आणि बस ज्या रस्त्यावर चालते तो बांधतं सरकार. हिशोबात बस स्वस्त दिसणारच. ऑगस्ट 1947 मध्ये स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी म्युनिसिपालिटीने बेस्ट ताब्यात घेतली, ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं, आणि मग एकेक मार्ग बंद होत 31 मार्च 1964 ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. खच्चून भरलेली, दुतर्फा माणसं. मधल्या काळात 1962 मध्ये ट्रॉलीबस आणून बघितल्या, म्हणजे वरची तार ठेवायची पण रूळ काढायचे, त्या पण 1971 मध्ये संपल्या.

ट्राम गेली तरी वीज विकायचा धंदा कोण सोडणार, उलट बरीच वर्षं बसचा तोटा विजेच्या पैशातनं भरून निघत होता. आणि आता बेस्टच्या ताफ्यात बॅटरीच्या बस यायला लागल्यात, त्या डेपोत रात्री चार्ज करता येतात, जेव्हा ऑफिसं बंद असतात, माणसं झोपलेली असतात आणि विजेला गिऱ्हाईक कमी असतं. 1907 मध्ये ट्रामने दिवसाची रिकामी वेळ भरली होती, बस आता रात्रीची भरू शकते.